धडा

नकाशावर तिला नाव नव्हतं, आकडा होता: ५१७.
लष्करातली माणसं उंचीलाच हाक मारतात.
आम्ही म्हणायचो मधमाशांची टेकडी.
मार्चमध्ये रोझमेरी फुलली की तिची गुणगुण
खाली आमच्या दारापर्यंत ऐकू यायची.

अडतीसच्या उन्हाळ्यात रातोरात एब्रो ओलांडून
एक सैन्य वर चढलं, पाठोपाठ दुसरं,
पलीकडच्या उतारावरून.
दोन्हीकडचे पाणी मागायचे ते एकाच भाषेत.
टेकडी सात वेळा जिंकली गेली.
आठव्यांदा जिंकायला वर कुणी उरलं नव्हतं.

आम्ही गावात परतलो तेव्हा ती बुटकी झाली होती.
बाबा म्हणाले, दोन पुरुष तरी खचली असेल.
आकडा मात्र कुणी खोडला नाही.

मग भूक आली,
आणि भुकेच्या मागोमाग भंगाराचा व्यापारी, तोर्तोसाहून.
लोखंड, पितळ, तांबं, शिसं.
बदामाच्या बागा जळालेल्या,
म्हणून बाबांनी बदामाचा काटा
भंगारासाठी दारात टांगला.
मी नऊ वर्षांची. अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे.

किमेता विदाल, लोखंड अकरा किलो.
बातिस्ता आणि त्याची खेचरी, लोखंड चव्वेचाळीस.
रोसेन्दची पोरं, पितळ दोन, शिसं पाऊण.
रोसेन्दची पोरं, पितळ तीन.
रोसेन्दचा धाकटा.
(त्यापुढे काही नाही.
त्या दिवशी वर एक गोळा फुटल्याचं ऐकू आलं होतं.)

शाळेत नवे मास्तर इतिहासाचा धडा शिकवायचे:
कोण शूर, कोण देशद्रोही, सगळं पाठ.
घरी धडा म्हणजे वेगळंच.
तोलण्याआधी रिकामी पारडी समान करायची,
हलक्या पारड्यात एखादा खडा टाकून.
बाबा धडा केल्याशिवाय छटाकभरही तोलत नसत.
मापात पाप नको, म्हणायचे,
आणि दोन्ही बाजूंच्या गोळ्या एकाच पारड्यात ओतायचे.

सिंता फेरे आली ती दिवेलागणीला.
रुमालाची मोट होती, गाठ दातांनी आवळलेली.
ठेवली पारड्यात.
विकायचं नाही, म्हणाली, नुसतं तोल.

बाबांनी धडा केला. पुन्हा केला.
हात त्यांचा कधी थरथरत नसे.
एक किलो चारशे.

ती म्हणाली, जन्मला तेव्हा तीन दोनशे भरला होता.
याच काट्यावर. तूच तोलला होतास, एर्मेन्गोल,
आणि वरून मूठभर बदाम दिले होतेस.

बाबांनी विचारलं, तुला कशावरून,
आणि तिथेच थांबले.
तिने मोट उचलली.
नसेलही माझा, म्हणाली.
कुणाचा तरी तीन दोनशेचा असेलच की.

मी विचारलं, बाबा, काय लिहू?
लिही जे भरलं ते.
माल काय, भाव काय?
ते कोरं ठेव.

आता टेकडीवर द्राक्षाचे मळे आहेत.
वर शिखरावर एक दगड उभा केलाय, चार भाषांत काहीबाही कोरलेला,
रविवारी पर्यटक येतात, वाऱ्याला टोप्या धरतात.
नांगराला अजून लोखंड लागतं.
जोर्डीचा ट्रॅक्टर थांबला की मळ्यातली सगळी मान वळवतात,
तो खाली उतरतो, वाकतो,
कधी लाथेने बाजूला सारतो,
कधी टोपी काढतो.
लांबून कळतं, काय सापडलं ते.

काटा माझ्याकडे आहे. व्यापारी केव्हाच मेला.
डावं पारडं जरा झुकतंच, रिकामं असलं तरी.
उजव्यात बाबांचा तोच खडा, तपकिरी, एका बाजूने काळवंडलेला.
परवा नातवाने खेळायला घेतला आणि अंगणात हरवला.
संध्याकाळभर आम्ही कंदील घेऊन शोधला.
शेवटी तो म्हणाला, दुसरा आणू का टेकडीवरून?
वर तर सगळे सारखेच आहेत.